नाताळचे दोन शनिवार-रविवार

सण आणि खेळ यांचें नातें फार जुनें आहे. आपल्याकडे यात्रेचा दिवस म्हटला कीं देवदर्शनाच्या पाठोपाठ कुस्त्यांचा फड आलाच. ग्रीक लोकांचे ऑलिंपियाचे सामनेही झ्यूस देवाच्या उत्सवाचाच एक भाग होते. या जुन्या व्यवस्थेंत एक गोष्ट मात्र कायम असे. ज्याला खेळ पाहावयाचा असेल त्यानें घर सोडून फडाकडे जावें, आणि ज्याला तो नको असेल त्यानें घरीं राहावें. फड उठून कोणाच्या माजघरांत येत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दूरचित्रवाणीनें हा क्रम उलटा केला. मैदान घरांत आलें, आणि तें नेमकें सणाच्या दिवशीं, जेवणाचीं ताटें मांडलीं जात असतांना आलें. त्यांतून जे तंटे उपस्थित झाले त्यांचा निकाल अमेरिकेंत कसा लागला, हें पाहणें उद्बोधक आहे. त्यासाठीं १९७१ आणि १९७२ या दोन वर्षांच्या नाताळांतले शनिवार-रविवार येथें घेतले आहेत. पहिल्या वर्षीं लोकांची तक्रार अशी कीं, सणाच्या दिवशीं हा खेळ दाखवितां कां? दुसऱ्या वर्षीं तक्रार अशी कीं, तो आम्हांला दाखवीत कां नाहीं? अवघ्या बारा महिन्यांच्या अंतरानें उठलेल्या या दोन तक्रारींपैकीं कोणती टिकली व कोणती विरून गेली, यांत आधुनिक गृहजीवनाचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे.

खेळ कोणता, तें आधीं सांगितलें पाहिजे. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातांत घेऊन पळावयाचें, किंवा तो पुढें फेंकून सवंगड्याच्या हातीं द्यावयाचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन काबीज झाली नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावयाचा, असा त्याचा सर्वसाधारण प्रकार आहे. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला तर त्यास टचडाऊन म्हणतात व त्याचे सहा गुण मिळतात. लाथेनें तो दोन खांबांमधून उडविला तर तीन. साठ मिनिटांचा हा खेळ थांबत थांबत चालतो, आणि प्रत्येक थांब्यावर जाहिरातीस जागा मिळते. दूरचित्रवाणीस तो विशेष मानवला, याचें एक कारण हेंच.

व्यावसायिक फुटबॉल घरोघर पोंचविण्याचें श्रेय बहुधा २८ डिसेंबर १९५८ च्या सामन्याला दिलें जातें. नाताळ व नववर्ष यांच्यामधला तो रविवार होता. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्स या संघानें न्यूयॉर्क जायंट्सचा २३–१७ असा पराभव केला. साठ मिनिटें संपलीं तेव्हां दोन्ही पक्ष बरोबरींत होते. जादा वेळ देऊन अजिंक्यपदाचा निकाल लावण्याचा हा पहिलाच प्रसंग. सुमारें साडेचार कोटी लोकांनीं तो सामना घरबसल्या पाहिला, असा अंदाज आहे. परंतु ज्या न्यूयॉर्कमध्यें तो खेळला गेला तेथील लोकांना तो घरीं दिसला नाहीं! यजमान शहराच्या सुमारें ७५ मैलांच्या परिसरांत तेथील सामना दाखवावयाचा नाहीं, असा नॅशनल फुटबॉल लीगचा नियम होता. घरबसल्या खेळ दिसूं लागला तर पैसे मोजून मैदानावर कोण येईल, ही त्यामागची भीति. संघ आपल्या गांवीं खेळत असतांना त्या मुलुखांत प्रक्षेपण रोखण्याचा लीगचा अधिकार १९५३ सालीं फिलाडेल्फियाच्या न्यायालयानें मान्यही केला होता.

यानंतर १९६१ सालीं अमेरिकन काँग्रेसनें खेळांच्या प्रक्षेपणाविषयीं एक कायदा केला. आपल्या कथेंत पुढें जें जें घडलें त्याचीं मुळें या कायद्यांत आहेत, म्हणून त्यांतील दोन कलमें ध्यानांत ठेवावीं. पहिलें असें कीं, लीगमधील सर्व संघांनीं एकत्र येऊन आपले प्रक्षेपणाचे हक्क एकगठ्ठा विकण्यास हरकत नाहीं. एरव्हीं ही गोष्ट मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कचाट्यांत सांपडली असती. काँग्रेसनें तिला त्यांतून सूट दिली. या सवलतीचा लाभ तत्काळ दिसला. १९६२ सालीं सी. बी. एस. या कंपनीनें वर्षाला साडेसेहेचाळीस लाख डॉलर देऊन हक्क घेतले, आणि ती रक्कम सर्व संघांत समान वांटली गेली. न्यूयॉर्कसारख्या महानगराचा संघ आणि ग्रीन बेसारख्या लहान गांवाचा संघ यांच्या पदरांत सारखाच वांटा पडूं लागला. धनवान् संघांनीं आपण होऊन समतेचा हा मार्ग पत्करावा, हें भांडवलशाहीचें माहेरघर म्हणविणाऱ्या देशांत एक नवलच म्हणावें लागेल.

दुसरें कलम महाविद्यालयांच्या संरक्षणासाठीं होतें. अमेरिकेंत शुक्रवारची संध्याकाळ ही शाळांच्या फुटबॉलची आणि शनिवार हा महाविद्यालयांच्या फुटबॉलचा. व्यावसायिक संघांचे सामने त्या वेळीं दाखविले गेले तर या विद्यार्थ्यांच्या मैदानांवर कावळाही फिरकणार नाहीं. म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, अशा सामन्यांच्या ७५ मैलांच्या आंत, त्या वेळांत व्यावसायिक सामन्याचें प्रक्षेपण करणाऱ्यास कायद्याची ही सवलत मिळणार नाहीं, असें ठरलें. याचा व्यावहारिक अर्थ असा झाला कीं, डिसेंबरचा मध्य उलटेपर्यंत लीगला शनिवार बंद आणि त्यानंतर खुला. विद्यार्थ्यांच्या हितासाठीं घातलेल्या या कुंपणाचें दार नेमकें नाताळच्या अंगणांत उघडत होतें. कायदा करणाऱ्यांच्या तें मनांतही नसावें.

पुढें प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगशीं १९६६ सालीं तह झाला, आणि १९७० पासून दोन्ही मिळून सव्वीस संघांची एकच लीग खेळूं लागली. चौदा सामन्यांचा हंगाम सप्टेंबरच्या उत्तरार्धांत सुरू होई, कारण अनेक मैदानें बेसबॉलच्या संघांबरोबर वांटून घ्यावीं लागत. हंगाम संपल्यावर आठ संघ उरत आणि त्यांचे चार सामने एकाच शनिवार-रविवारीं होत. १९७० सालीं ते दिवस २६ व २७ डिसेंबर आले. सण सहज टळला. १९७१ सालीं पंचांगानें एक पाऊल मागें घेतलें. हंगाम १९ डिसेंबरला संपला आणि पुढचा शनिवार म्हणजेच नाताळचा दिवस!

लीगनें त्या दिवशीं दोन सामने ठेविले. नाताळच्या दिवशीं या लीगनें मैदानावर उतरण्याची ही पहिलीच वेळ. दुपारीं मिनेसोटांत डॅलस काऊबॉईज संघानें यजमान व्हायकिंग्ज संघाला २०–१२ असें हरविलें. तो सामना सी. बी. एस. वर होता. तो संपल्यावर एन. बी. सी. या दुसऱ्या कंपनीवर कॅन्सस सिटीचा सामना सुरू झाला. गृहिणींचा हिशोब असा असावा कीं, हा दुसरा खेळ आटोपला म्हणजे मंडळी पानावर येतील. तो हिशोब सपशेल चुकला.

कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध मायामी डॉल्फिन्स असा हा सामना होता. चीफ्स १०–० असे पुढें गेले. मायामीनें बरोबरी केली. चीफ्सनीं १७–१० केले, पुन्हां बरोबरी. २४–१७ झाले, तिसऱ्यांदां बरोबरी. चीफ्सच्या एड पोडोलॅक या खेळाडूनें त्या दिवशीं एकट्यानें ३५० यार्ड जमीन तुडविली. अगदीं शेवटीं, अवघीं ३५ सेकंद उरलीं असतां, चीफ्सच्या यान स्टेनेरुडनें विजयाची लाथ मारली; अंतर जेमतेम एकतीस यार्डांचें, आणि स्टेनेरुड हा त्या काळच्या नामांकित लाथ मारणाऱ्यांपैकीं. चेंडू खांबांच्या बाहेरून गेला. जादा वेळाचा पहिला डावही निष्फळ ठरला. अखेर दुसऱ्या जादा डावांत मायामीच्या गारो येप्रेमियननें ३७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून उडविला आणि मायामी २७–२४ असें जिंकलें. सबंध सामन्यांत मायामी पुढें गेलें तें त्या एका क्षणीं. प्रत्यक्ष खेळाचा काळ ८२ मिनिटें ४० सेकंद भरला. लीगच्या इतिहासांतील सर्वांत दीर्घ सामना म्हणून आजही त्याची नोंद आहे.

येथें एक गंमत सांगावीशी वाटते. या अस्सल अमेरिकन खेळाचा निकाल ज्या दोन पायांवर अवलंबून होता, ते दोन्ही पाय परदेशांतून आलेले होते. स्टेनेरुड हा नॉर्वेचा. बर्फावरील उड्यांच्या खेळांतील नैपुण्यामुळें शिष्यवृत्ति मिळून तो माँटानाच्या महाविद्यालयांत आला होता. येप्रेमियन सायप्रस बेटावर जन्मलेला, वंशानें आर्मेनियन. नाताळच्या दिवशीं अमेरिकेचें जेवण ज्यांनीं थांबविलें ते असे दूरदेशचे पाहुणे होते.

आणि जेवण थांबलें हें खरें. पूर्वेकडील शहरांतून रात्र पडली तरी खेळ चालूच होता. भट्टींतील पदार्थ करपले, पाहुणे खोळंबले, आणि एरव्हीं फुटबॉलच्या नांवानें नाक न मुरडणाऱ्या कुटुंबांतूनही तक्रारीचा सूर निघाला. वर्षांतून एकदां सर्व घर एकत्र जमतें. त्या दिवशींही पुरुषमंडळींनीं पाठ फिरवून पेटीकडे डोळे लावून बसावें काय? खेळाडूंनाही मुलेंबाळें होतीं, पण त्यांचा नाताळ परगांवच्या हॉटेलांत गेला. टीकेचा बोल लीगला लागला असावा. पुढें १९७७ सालीं नाताळ रविवारीं आला, तेव्हां लीगनें दोन सामने शनिवारीं २४ तारखेस आणि दोन सोमवारीं २६ तारखेस ठेविले. मधला रविवार, जो वास्तविक तिचा हक्काचा वार, तो तिनें सणासाठीं मोकळा सोडला. १९७१ नंतर अठरा वर्षें या लीगचा एकही सामना नाताळच्या दिवशीं झाला नाहीं. व्यापारानें सणापुढें मान लवविल्याचें असें उदाहरण विरळा.

आतां दुसऱ्या वर्षाकडे वळूं. १९७२ सालीं नाताळ सोमवारीं होता, म्हणून चार सामने २३ व २४ डिसेंबरला आले. सण सुटला, पण तंटा दुसऱ्याच बाजूनें उभा राहिला. शनिवारीं पिट्सबर्गला स्टीलर्स व ओकलंड रेडर्स यांचा सामना होता. स्टीलर्सचा संघ १९३३ साली स्थापन झालेला. चाळीस वर्षांत अंतिम स्पर्धेंतला एकही सामना त्यानें जिंकला नव्हता. पोलादाच्या कारखान्यांतून राबणाऱ्या त्या गांवानें इतकीं वर्षें ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस उजाडला. मैदानाचीं तिकिटें हातोहात खपलीं. सारा देश तो सामना पाहणार होता; फक्त पिट्सबर्गला तो दिसणार नव्हता, कारण नियम म्हणजे नियम. तिकीट नसलेले कित्येक लोक मोटारी काढून बंदीच्या हद्दीबाहेरच्या गांवीं गेले आणि तेथील मोटेलमध्यें खोली घेऊन त्यांनीं आपल्याच गांवचा खेळ पाहिला. ज्याला घरच्या देवाच्या दर्शनासाठीं परगांवीं जावें लागलें त्याच्या मनाची स्थिति काय होईल, याची कल्पना करावी.

आणि त्या दिवशीं घडलें तें असें. शेवटचीं २२ सेकंद उरलीं होतीं आणि ओकलंड ७–६ असें पुढें होतें. स्टीलर्सच्या टेरी ब्रॅडशॉनें शेवटचा प्रयत्न म्हणून चेंडू फ्युक्वा या सवंगड्याकडे भिरकावला. त्याच क्षणीं ओकलंडचा टेटम त्याच्यावर आदळला, आणि चेंडू उसळून मागें उडाला. तो जमिनीस टेंकणार इतक्यांत फ्रँको हॅरिस या तरुण खेळाडूनें पायाजवळ तो झेलला आणि थेट शेवटची रेषा गांठली. संघाचे वृद्ध मालक आर्ट रूनी हे पराभूत खेळाडूंचें सांत्वन करण्यासाठीं लिफ्टनें खालीं उतरत होते. आयुष्यभर वाट पाहिलेला तो क्षण त्यांना दिसलाच नाहीं. तथापि वाद राहिला. चेंडूला केवळ फ्युक्वाचा स्पर्श झाला असेल तर त्या वेळच्या नियमाप्रमाणें हॅरिसचा झेल अवैध; टेटमचा स्पर्श झाला असेल तर वैध. पंच स्वेअरिंजन यांनीं सहकाऱ्यांशीं मसलत केली, वरच्या मजल्यावरील पंचप्रमुखांशीं दूरध्वनीवरून बोलणें केलें, आणि टचडाऊन दिला. स्टीलर्स १३–७ असे जिंकले. चेंडू कोणाला लागला होता, याचा निर्णय अर्धें शतक उलटूनही झालेला नाहीं. मेरीच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या कॅथॉलिक सिद्धांतावर श्लेष करून त्या झेलाला जें नांव लोकांनीं दिलें तेंच रूढ झालें. खेळानें सणाची वेळच नव्हे, तर त्याची भाषाही उचलली ती अशी.

त्याच दिवशीं सॅन फ्रान्सिस्कोंत यजमान संघ २८–१३ असा पुढें असतां डॅलसच्या रॉजर स्टॉबॅकनें शेवटच्या दीड मिनिटांत दोन टचडाऊन करवून सामना ३०–२८ असा फिरविला. रविवारीं मायामीनें क्लीव्हलंडला २०–१४ असें हरविलें. मायामीचा संघ त्या हंगामांत १७ पैकीं १७ सामने जिंकला. तसा पराक्रम लीगमध्यें पुन्हां कोणास साधलेला नाहीं. आणि राजधानी वॉशिंग्टनमध्यें तेथील संघानें ग्रीन बेला १६–३ असें नमविलें. १९४३ नंतर अशा सामन्यांतील त्यांचा हा पहिलाच विजय.

वॉशिंग्टनच्या या सामन्यानेंच बंदीचा प्रश्न राजदरबारीं नेला. मंत्री, सेनेटर, न्यायाधीश, सेनापति अशी सारी बडी मंडळी त्या ७५ मैलांत राहत. तिकीट नसलेल्यांची गत पिट्सबर्गच्या कामगारासारखीच झाली. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन हे फुटबॉलचे मोठे भोक्ते. त्यांचे ॲटर्नी जनरल क्लाइनडिन्स्ट यांनीं लीगचे आयुक्त पीट रोझेल यांना बंदी उठविण्याची विनंति केली. रोझेल यांनीं ती मानली नाहीं. मैदानें ओस पडलीं तर खेळ हा केवळ स्टुडिओंतील देखावा होऊन बसेल, असें लीगचें म्हणणें होतें. तेव्हां सरकारनें सुचविलें कीं, मक्तेदारीच्या कायद्यांतून तुम्हांला दिलेली सूट काँग्रेसनें पुन्हां तपासून पाहावी, अशी शिफारस आम्हांला करावी लागेल. १९६१ सालीं दिलेल्या वरदानाची आठवण अशी करून देण्यांत आली.

परंतु इतिहास लिहितांना केवळ मैदानाकडे पाहून भागत नाहीं. ज्या आठवड्यांत राष्ट्राध्यक्षांचें सरकार फुटबॉलच्या प्रक्षेपणाची काळजी वाहत होतें, त्याच आठवड्यांत, १८ डिसेंबरपासून, त्यांच्याच आज्ञेनें बी-५२ विमानें हॅनॉय व हायफाँगवर बाँब टाकीत होतीं. नाताळसाठीं छत्तीस तास विसांवा घेऊन ती मोहीम पुन्हां सुरू झाली व २९ तारखेस थांबली. तिचें सांकेतिक नांव होतें ‘लाइनबॅकर दोन’. लाइनबॅकर म्हणजे फुटबॉलच्या बचावफळीमागें उभा राहून प्रतिपक्षावर तुटून पडणारा खेळाडू. युद्धाला खेळाचें नांव द्यावें आणि खेळाला धर्माचें, इतका शब्दांचा संकर ज्या समाजांत सहज झाला त्याच्या मनाची अवस्था काय असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

त्याच २३ डिसेंबरला, मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला असतां, मध्य अमेरिकेंतील निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानें जमीनदोस्त झाली. हजारों माणसें मेलीं. पिट्सबर्गच्या ज्या मैदानावर त्या दुपारीं जल्लोष झाला, त्याच मैदानावर सप्टेंबरच्या अखेरीस रॉबर्टो क्लेमेंटे या थोर बेसबॉलपटूनें आपली तीन हजारावी फटकी पुरी केली होती. पोर्तोरिकोचा हा सुपुत्र भूकंपग्रस्तांसाठीं मदतीचें सामान घेऊन ३१ डिसेंबरला विमानानें निघाला आणि तें विमान समुद्रांत कोसळून मरण पावला. त्या सुटीच्या दिवसांत एका गांवानें एक विजय मिळविला आणि एक माणूस गमावला. पुढच्या पिढ्यांना झेलाचें चित्र पुनःपुन्हां दाखविलें गेलें. क्लेमेंटेच्या अखेरच्या उड्डाणाचें चित्र काढावयास तेथें कोणी नव्हतें. दूरचित्रवाणीची स्मृति अशी एकांगी असते.

आपल्याकडे त्या दिवशीं काय चाललें होतें? मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालेलें, म्हणजे पुरतें तीन महिन्यांचेंही नव्हतें. दिल्लीस फिरोजशहा कोटलाच्या मैदानावर, अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं, इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना २० डिसेंबरपासून चालू होता. चंद्रशेखर यांनीं एका डावांत ७९ धावांत ८ गडी बाद केले, तरी नाताळच्याच दिवशीं इंग्लंडनें सहा गडी राखून तो जिंकला; पुढें मालिका मात्र वाडेकरांच्या संघानें २–१ अशी खिशांत घातली. तो सारा रोमहर्ष आपल्याकडील घराघरांतून आकाशवाणीच्या समालोचनावर ऐकला गेला. रेडिओचा एक गुण असा कीं, तो कानांत चालू असतांना हातांतलें काम थांबत नाहीं. भाजी चिरतां येते, पानें वाढतां येतात. डोळ्यांना बांधून ठेवणारी पेटी आल्यावर हें जमेनासें झालें.

असो. तंट्याचा निकाल काय लागला, तें पाहूं. १४ जानेवारी १९७३ च्या अंतिम सामन्याचीं तिकिटें आगाऊ संपल्यामुळें लॉस एंजलिसच्या लोकांना तो आपल्या गांवांत पाहूं देण्यांत आला. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें काँग्रेसनें कायदा केला कीं, सामन्याचीं सर्व तिकिटें ७२ तास आधीं खपलीं तर यजमान शहरांत प्रक्षेपण रोखतां येणार नाहीं. हा कायदा १९७५ अखेर संपला. परंतु तोपर्यंत लोकमत इतकें स्पष्ट झालें होतें कीं, लीगनें तो नियम आपण होऊन पाळला. २०१४ सालीं सरकारच्या दळणवळण आयोगानें बंदीला आधार देणारे आपले उरलेसुरले नियम रद्द केले आणि २०१५ पासून लीगनें बंदीचा अंमल स्थगित केला. मैदानें मात्र ओस पडलीं नाहींत. दूरचित्रवाणीनें खेळाचा प्रेक्षक पळविला नाहीं, उलट तिनें त्याची भूक वाढविली. येथें रोझेल यांचें अनुमान चुकलें आणि पिट्सबर्गच्या कामगाराचें बरोबर ठरलें.

पण पहिल्या तक्रारीचें, त्या थंड झालेल्या जेवणाचें, काय झालें? १९८९ सालीं नाताळ सोमवारीं आला, आणि सोमवारची रात्र तोंवर फुटबॉलच्या प्रक्षेपणाची ठरीव रात्र झाली होती. लीगनें त्या दिवशीं एक सामना ठेविला. कोणीं फारशी कुरकुर केली नाहीं. मग असे सामने मधूनमधून येऊं लागले, आणि कालांतरानें रीतच पडली. २०२४ सालीं तर नाताळ बुधवारीं होता. फुटबॉलचा एरव्हीं जो वारच नव्हे, त्या दिवशीं दोन सामने खेळविले गेले, आणि ते नेटफ्लिक्स या वर्गणी घेणाऱ्या कंपनीनें जगभर दाखविले. योगायोग असा कीं, त्यांतल्या एका सामन्यांत पिट्सबर्गच्या मैदानावर कॅन्सस सिटीचा संघ उतरला होता. तो त्यानें २९–१० असा जिंकला. वर्गणी न भरणाऱ्यांनाही या दोन गांवांत तो सामना स्थानिक वाहिनीवर दिसेल, अशी व्यवस्था होती. म्हणजे १९७२ ची तक्रार पुरेपूर भागली. १९७१ ची तक्रार कोणाच्या स्मरणांतही नव्हती.

याचें कारण शोधूं गेल्यास तें दूर नाहीं. ‘आम्हांला दाखवा’ म्हणणाऱ्यांच्या मागें मतें होतीं, मंत्री होते, आणि जाहिरातदारही होते. त्यांचें हित व लीगचें हित अखेर एकाच दिशेला जात होतें. ‘आज दाखवूं नका’ म्हणणाऱ्यांच्या मागें कोण होतें? स्वयंपाकघरांतील बाई, वाट पाहणारी आजी, आणि परगांवीं अडकलेल्या खेळाडूचीं मुलें. यांची संघटना नसते आणि यांचें नुकसान पैशांत मोजतां येत नाहीं. पहिल्या वर्षीं यांचा आवाज ऐकला गेला तो सवय अजून लागली नव्हती म्हणून. सवय लागल्यावर ज्याची तक्रार करावयाची तीच गोष्ट सणाचा भाग होऊन बसली. आज त्या देशांतील अनेक घरांत आजोबा व नातू एका बांकावर बसतात ते या खेळाच्याच निमित्तानें, हेंही नाकबूल करतां येणार नाहीं. तेव्हां सरसकट निषेधाचा सूर काढणें न्यायाचें होणार नाहीं.

आपल्या देशानेंही या दोन प्रश्नांपैकीं एकाचेंच उत्तर दिलें आहे. १९९३ च्या हीरो चषकावरून निघालेल्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी १९९५ मध्यें, प्रक्षेपणाच्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. आणि २००७ च्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचें प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनीं प्रसारभारतीस उपलब्ध करून द्यावें, असें ठरविलें. खेड्यांतील माणसास खेळ दिसावा, हा त्यामागचा हेतु सर्वस्वीं योग्य होता. दुसरा प्रश्न कोणत्याही कायदेमंडळापुढें जाण्यासारखा नाहीं, आणि जाऊंही नये. सणाच्या दिवशीं पेटी केव्हां लावावी व केव्हां बंद करावी, हें ठरविण्याचा अधिकार अद्याप ज्याच्या त्याच्या घराकडे आहे. १९७१ च्या त्या रात्रीं अमेरिकेंतील गृहिणींनीं तो बजावून पाहिला, आणि एका बलाढ्य लीगला अठरा वर्षें थांबविलें. तेवढी गोष्ट तरी विसरली जाऊं नये.